रोधवलयाचा पुरावा : मुखारोग्य आणि वनस्पतिअर्क या विषयावरील संशोधनाची समीक्षा

मुखारोग्यासाठी औषधी वनस्पतींच्या अर्कांचा उपयोग हा पदव्युत्तर प्रबंधांचा एक आवडता विषय होऊन बसला आहे. वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजंतुशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि दंतवैद्यक या चारही शाखांतून या विषयावर सातत्याने लेखन होत असते, आणि त्या लेखनाचा साचा आता पुरता ठरून गेला आहे. प्रारंभी चरक-सुश्रुतांचा आदरपूर्वक उल्लेख. मग कडुनिंब, बाभूळ, लवंग किंवा जेष्ठमध यांपैकी तीन-चार वनस्पतींची निवड. पाने वा साल सावलीत वाळवून, कुटून, मद्यार्कात अथवा पाण्यात त्यांचा अर्क काढणे. अगाराच्या बशीवर स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू पसरून, अगारात पाडलेल्या खळग्यांत तो अर्क घालणे. दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती जंतूंची वाढ न झालेले जे स्वच्छ वर्तुळ दिसते त्याचा व्यास मोजणे. आणि शेवटी, सदर अर्क दंतमंजनात वापरण्याजोगा आहे, असा निष्कर्ष काढणे. हा साचा इतका स्थिर आहे की वनस्पतीचे नाव बदलले तरी उरलेला प्रबंध जवळजवळ तसाच ठेवता यावा.

या वनस्पतींत जंतुरोधक द्रव्ये असतात याविषयी वाद नाही. वाद आहे तो पुराव्याविषयी. खळग्याभोवतीच्या वर्तुळावरून, म्हणजे रोधवलयावरून, माणसाच्या तोंडाविषयी काही सांगता येते काय, आणि येत असल्यास किती, हा प्रश्न या प्रबंधांतून क्वचितच विचारला जातो. तो विचारल्यावाचून या लेखनाचे मोल ठरविता येणार नाही.

प्रथम या पद्धतीचा उगम ध्यानात घेतला पाहिजे. १९४०च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे पेनिसिलिनचे काम चालू असता नॉर्मन हीटली यांनी अगारावर लहान नळकांड्या ठेवून त्यांभोवतीच्या वलयावरून द्रावातील पेनिसिलिनचे प्रमाण मोजण्याची युक्ती योजिली. एकच द्रव्य, एकच जंतू, आणि प्रमाण तेवढे अज्ञात, अशी ती मोजणी होती. पुढे १९६६ मध्ये बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदी चकत्यांची पद्धत प्रमाणबद्ध केली. तीतही प्रत्येक प्रतिजैविकासाठी चकतीतील मात्रा निराळी आणि वलयाचा अर्थ सांगणारा व्यासही निराळा ठरविलेला असतो. एका औषधाचे १८ मिलिमीटरचे वलय दुसऱ्या औषधाच्या १५ मिलिमीटरच्या वलयाहून श्रेष्ठ, असे त्या पद्धतीच्या कर्त्यांनी कधीच म्हटले नाही. किंबहुना तसे म्हणता येत नाही म्हणूनच त्यांना प्रत्येक औषधाचे स्वतंत्र कोष्टक करावे लागले. वलयाचा व्यास द्रव्याच्या जंतुनाशक सामर्थ्यावर अवलंबून असतो तसाच तो ते द्रव्य ओलसर अगारातून किती वेगाने पसरते यावरही अवलंबून असतो. लवंगेच्या तेलातील युजेनॉल पाण्यात फारसे विरघळत नाही आणि काही अंशी उडूनही जाते. बाभळीच्या सालीतील टॅनिनांचे रेणू मोठे असल्यामुळे ते सावकाश सरकतात. अशा दोन अर्कांची वलये शेजारी शेजारी मांडून त्यांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविणे म्हणजे घोडा आणि होडी यांची एकाच चिखलात शर्यत लावण्यासारखे आहे.

याहून गंभीर दोष मात्रेचा आहे, आणि तो साध्या गणिताने दाखविता येतो. प्रबंधांतून वारंवार आढळणारे अर्काचे प्रमाण मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम असे असते. सहा मिलिमीटर व्यासाच्या आणि चार मिलिमीटर खोलीच्या खळग्यात सुमारे ११३ मायक्रोलिटर द्रव मावतो. सामान्यतः १०० मायक्रोलिटर घालतात. म्हणजे एका खळग्यात १० मिलिग्रॅम अर्क गेला. तुलनेसाठी शेजारच्या खळग्यात क्लोरहेक्सिडिनचा ०.२ टक्क्यांचा बाजारी द्राव तितकाच घातलेला असतो. त्यात औषध भरते अवघे ०.२ मिलिग्रॅम. अर्काचे वलय १६ मिलिमीटर आणि क्लोरहेक्सिडिनचे १८ मिलिमीटर आले की ‘वनस्पतिजन्य अर्क क्लोरहेक्सिडिनच्या तोडीचा आहे’ असे वाक्य लिहिले जाते. पन्नासपट वजन घालून मिळविलेल्या या बरोबरीचा उल्लेख त्या वाक्यात नसतो. शिवाय १६ मिलिमीटरांत खळग्याचे सहा मिलिमीटर धरलेले असतात ते वेगळेच. ते वजा केल्यास प्रत्येक बाजूस पाच मिलिमीटर उरतात.

अर्क हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असते, तेव्हा त्याची मात्रा शुद्ध औषधाहून अधिक असणारच, असा बचाव केला जातो. तो काही प्रमाणात ग्राह्य आहे. परंतु किती अधिक, यालाही मर्यादा आहे. रिओस आणि रेसिओ यांनी २००५ मध्ये औषधी वनस्पतींच्या जंतुरोधक संशोधनाचा परामर्श घेताना मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅमहून अधिक अर्क वापरून केलेले प्रयोग टाळावेत असे स्पष्टपणे सुचविले. पुढच्याच वर्षी कॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्काची निम्म्या वाढीस रोखणारी मात्रा मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आत असावी, अशी कसोटी मांडली. खळग्यात घातलेली संहती आणि द्रवमाध्यमात ठरविलेली किमान रोधक संहती या दोन गोष्टी एक नव्हेत, हे खरे. म्हणूनच वलयाच्या पुढे जाऊन किमान रोधक संहती काढणे अवश्य ठरते. ती काढणाऱ्या प्रबंधांतही पुष्कळदा मिलिलिटरमागे १२ किंवा २५ मिलिग्रॅम असे आकडे येतात, आणि तरीही निष्कर्षाचे वाक्य जसेच्या तसे राहते. क्लोरहेक्सिडिनला याच जंतूसाठी मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात. मीठ, साखर, लिंबाचा रस, कोणतेही द्रव्य पुरेसे दाट केले तर ते जंतूंची वाढ थांबविते. लोणच्याच्या बरणीत घडते तेच येथे बशीत घडते. त्यास शोध म्हणणे कठीण आहे.

द्रावकाची गोष्टही हीच. मद्यार्क स्वतः जंतुनाशक आहे. अर्क ज्या द्रावकात घातला तोच द्रावक, त्याच आकारमानात, अर्काविना एका खळग्यात घातला नसेल तर मिळालेले वलय कोणाचे, हे सांगता येत नाही. काही प्रबंधांत या तुलनेसाठी शुद्ध पाणी वापरलेले असते, आणि अर्क मात्र मद्यार्कातला! टॅनिनयुक्त अर्कांची आम्लता मोजण्याची तसदीही सहसा घेतली जात नाही. दातांच्या संदर्भात ही चूक दुहेरी आहे. कारण दंतवल्काचा क्षय आम्लतेमुळेच होतो, आणि सामू ५.५च्या खाली गेला की तो सुरू होतो असे मानले जाते. जंतूस मारणारे आम्ल दातासही विरघळवील, याचा विचार दंतमंजनाची शिफारस करणाऱ्याने तरी करावयास हवा.

आता बशीतून तोंडाकडे वळावे. बशीत अर्क चोवीस तास जागच्या जागी असतो. तोंडात कुल्ला अर्धा-एक मिनिट राहतो आणि थुंकला जातो. त्यानंतर लाळ उरलेले द्रव्य धूत राहते. नुसते बसलेल्या निरोगी माणसाच्या तोंडातही मिनिटास सुमारे ०.३ मिलिलिटर लाळ झरते, आणि चावताना तिचे प्रमाण कितीतरी वाढते. अशा स्थितीत द्रव्याचे सामर्थ्य जितके महत्त्वाचे, तितकीच किंवा त्याहून अधिक महत्त्वाची त्याची चिकटून राहण्याची शक्ती ठरते. क्लोरहेक्सिडिनचा इतिहास याची साक्ष देतो. १९६५ मध्ये आर्हुस येथे लोए, थायलाडे आणि येन्सन यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली, आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच ती ओसरली. दातांवरील जंतूंचा थर, म्हणजे दंतमल, हेच हिरड्यांच्या दाहाचे कारण आहे, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. पुढे १९७० मध्ये लोए आणि शियॉट यांनी दात न घासणाऱ्यांतही क्लोरहेक्सिडिनच्या दिवसातून दोन कुल्ल्यांनी हा दाह रोखता येतो असे दाखविले. हे द्रव्य धनविद्युत्‌भारित असल्याने दातांस व श्लेष्मल त्वचेस चिकटते आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहते. १९८१ मध्ये रॉबर्ट्स आणि ॲडी यांनी क्लोरहेक्सिडिनची अन्य तीन जंतुनाशक कुल्ल्यांशी प्रयोगशाळेत आणि तोंडात अशी दुहेरी तुलना केली, तेव्हा निव्वळ प्रयोगशाळेतील सामर्थ्यावरून तोंडातील गुण सांगता येत नाही, हे दिसून आले. वनस्पतिअर्कांवरील प्रबंधकाराने वास्तविक हा निबंध प्रथम वाचावयास हवा. कारण त्याच्या सर्व कोष्टकांवरील आक्षेप तेथे शुद्ध रसायनांच्या बाबतीत आधीच नोंदविलेला आहे.

दंतमलातील जंतू बशीतल्यासारखे सुटेसुटेही नसतात. ते स्वतः निर्माण केलेल्या चिकट शर्करामय आवरणात, अनेक जातींच्या दाट वस्तीत राहतात. अशा जैवपटलातील जंतूंना मारण्यास सुट्या जंतूंच्या मानाने दसपट, कधी शेकडोपट औषध लागते. म्यूटन्स हा जंतू १९२४ मध्ये क्लार्क यांनी कुजलेल्या दातांतून वेगळा केला आणि दंतक्षयात त्याचा वाटा मोठा आहे, हे निःसंशय. पण मानवी मुखात सुमारे सातशे जातींचे जंतू आढळतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारक आहेत. २०१३ मध्ये कपिल व सहकाऱ्यांनी एकोणीस निरोगी व्यक्तींना आठवडाभर क्लोरहेक्सिडिनचे कुल्ले करावयास लावले असता त्यांचा रक्तदाब थोडा वाढल्याचे आढळले. जिभेवरील नायट्रेटचे रूपांतर करणारे जंतू नष्ट झाल्याचा तो परिणाम होता. तेव्हा ‘सर्व जंतूंवर प्रभावी’ हे विशेषण मुखारोग्याच्या क्षेत्रात प्रशस्तिपत्र नसून शंकेचे कारण आहे. आणि ज्या प्रबंधांत एश्चेरिचिया कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस यांनाच ‘मुखातील रोगजंतू’ म्हणून चालविले आहे, त्यांविषयी काय म्हणावे! प्रयोगशाळेच्या शीतपेटीत जे सापडले ते वापरले, एवढाच त्याचा अर्थ होतो.

प्राचीन ग्रंथांच्या आधाराचा जो उपयोग या लेखनात केला जातो तोही तपासून पाहण्याजोगा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दंतपवन दिवसातून दोनदा, अग्र कुटून मऊ केलेल्या काडीने, हिरड्यांस इजा न होईल अशा रीतीने करावे, असे सांगितले आहे. काडी तुरट, तिखट अथवा कडू रसाची असावी. करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन आणि असन ही नावे तेथे येतात. कडुनिंबाचे नाव त्या यादीत नाही, ही गोष्ट कडुनिंबावरील प्रबंधाच्या पहिल्या परिच्छेदात चरकाचा हवाला देणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मात्र कडू रसात निंब, तुरट रसात खदिर, मधुर रसात मधूक आणि तिखटात करंज श्रेष्ठ, असे म्हटले आहे. काडीची लांबी बारा अंगुळे आणि जाडी करंगळीइतकी असावी, असेही मोजमाप आहे. कोणी दंतकाष्ठ वापरू नये, याचीही यादी आहे. या सर्व उपदेशात अर्क कोठेच नाही. आहे ती काडी, तिचे कुटलेले टोक, तिचा रस, आणि घासण्याची कृती. सुश्रुताने दंतरोगांत कृमिदंतक सांगितला आहे, हे खरे. परंतु त्यातील कृमी म्हणजे म्यूटन्स, असे समीकरण मांडणे हा ग्रंथावर आणि जंतुशास्त्रावर सारखाच अन्याय आहे. ज्या परंपरेचा पुरावा तपासावयाचा, तिने सांगितलेली वस्तू सोडून भलतीच वस्तू तपासली जाते, आणि यश आले की श्रेय परंपरेला दिले जाते.

वनस्पतीची ओळख हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण येथेही घोटाळे थोडे नाहीत. चरकाचा असन सामान्यतः बिबळा मानला जातो. उत्तरेकडे ऐनालाही असन म्हणतात. ‘वज्रदंती’ हे नाव महाराष्ट्रात पिवळ्या कोरांटीस, तर हिमालयाच्या परिसरात पोटेंटिला या सर्वस्वी निराळ्या कुळातील वनस्पतीस लावतात. केवळ ‘स्थानिक बाजारातून साल आणली’ एवढ्या नोंदीवर केलेला प्रयोग दुसऱ्यास पुन्हा करून पाहता येत नाही. पुण्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे वनस्पतिसंग्रहालय आहे; तेथे नमुना दाखवून त्याचा क्रमांक घेणे हे काही अवघड काम नव्हे.

या क्षेत्रात चांगले काम झालेलेच नाही, असा याचा अर्थ नव्हे. जेष्ठमधाचे उदाहरण घ्यावे. २००६ मध्ये अमेरिकेत जेष्ठमधाच्या मुळातून ग्लिसिऱ्हायझॉल-ए हे शुद्ध द्रव्य वेगळे करण्यात आले आणि म्यूटन्सवरील त्याची किमान रोधक संहती मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅम आढळली. हा आकडा क्लोरहेक्सिडिनच्या शेजारी बसविण्याजोगा आहे. परंतु ते मूळ ग्लिसिऱ्हायझा उरॅलेन्सिस या चिनी जातीचे होते. आपल्याकडील जेष्ठमध म्हणजे ग्लिसिऱ्हायझा ग्लॅब्रा. एका जातीवरील निष्कर्षाचा हवाला दुसरीसाठी सर्रास दिला जातो, तो स्वतंत्र तपासणीवाचून देता येणार नाही. ओव्यातील थायमॉल हे तर एकोणिसाव्या शतकापासून मुखधावनांत वापरात आहे, आणि त्याचा गुण वर्षानुवर्षांच्या रुग्णपरीक्षणांतून सिद्ध झाला आहे, बशीतील वलयांतून नव्हे.

मणिपाल येथील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले कडुनिंबाच्या पानांच्या अर्काचे परीक्षण हे या विषयातील अधिक गंभीर प्रयत्नांपैकी एक होय. छत्तीस तरुण पुरुषांवर सहा आठवडे हा प्रयोग चालला, आणि ग्रॅममागे २५ मिलिग्रॅम अर्क असलेल्या चिकट लेपाने दंतमल क्लोरहेक्सिडिनच्या कुल्ल्यापेक्षाही अधिक कमी झाला, असे नमूद केले गेले. बशी सोडून माणसांकडे जाण्याचे श्रेय या संशोधकांना निश्चितच आहे. तथापि तुलना लेप आणि कुल्ला यांत आहे. लेप तोंडात टिकतो, कुल्ला थुंकला जातो. मग गुण कडुनिंबाचा की लेपाचा? एका गटाला लेप आणि दुसऱ्याला द्रव देताना कोणास काय मिळाले हे लपविणेही शक्य नसते. क्लोरहेक्सिडिनचाही लेपच वापरला असता, किंवा अर्काविना नुसता लेप हीच मुख्य तुलना धरली असती, तर उत्तर अधिक स्वच्छ मिळाले असते.

वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक, हे गृहीतक तर जवळजवळ प्रत्येक प्रस्तावनेत आढळते. त्याला एक जळजळीत उत्तर इतिहासातच आहे. उत्तर अमेरिकेतील ब्लडरूट या वनस्पतीतील सँग्विनारिन हे द्रव्य १९८०नंतर तेथील दंतमंजनांत व मुखधावनांत आले. बशीतील परीक्षा ते उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले होते. १९९०नंतरच्या दशकात ते वापरणाऱ्यांच्या वरच्या ओठाआडच्या श्लेष्मल त्वचेवर पांढरे चट्टे आढळू लागले. असे चट्टे कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतात, आणि ते द्रव्य पुढे त्या उत्पादनांतून काढून टाकण्यात आले. हेच सँग्विनारिन आपल्याकडील पिवळ्या धोत्र्याच्या बियांत असते. १९९८ मध्ये दिल्लीत या बियांच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने अनेकांचे प्राण घेतले. आणि दूर कशाला जावे? तंबाखू भाजून केलेली मशेरी ही शुद्ध वनस्पतिजन्यच. महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांनी ती दात घासण्यासाठी म्हणून हाती धरली आणि पुढे तिचे व्यसन झाले. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये भारत सरकारने बंदी केली. घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीस ती बंदी पोहोचत नाही. हिरडीच्या पेशींवर अर्काचा काय परिणाम होतो, हे न पाहता दंतमंजनाची शिफारस करणाऱ्या प्रबंधकाराने मशेरीचे उदाहरण दृष्टीआड करणे योग्य नव्हे.

संख्याशास्त्राविषयी थोडेच सांगणे पुरे. एकाच दिवशी, एकाच अर्काच्या एकाच बाटलीतून तीन खळगे भरले म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग होत नाहीत. त्यांतील अल्प फरकावरून काढलेली ‘अर्थपूर्णता’ मोजणाऱ्याच्या हाताचे कौशल्य सांगते, वनस्पतीचे नव्हे.

या विषयातील खरा अनुत्तरित प्रश्न काडीचा आहे, आणि तो अल्प साधनांत सोडविता येण्याजोगा आहे. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी दात स्वच्छ करते ती कुटलेल्या तंतूंच्या घर्षणाने की रसाच्या गुणाने? एकाच झाडाच्या काड्या घेऊन त्यांतील निम्म्या पाण्यात व मद्यार्कात वारंवार उकळून त्यांतील विद्राव्य द्रव्ये काढून टाकावी, द्रावक पूर्णपणे घालवावा, आणि तंतूंचा कडकपणा दोहोंत सारखा आहे याची खात्री करून घ्यावी. चव गेल्यामुळे वापरणाऱ्यास फरक कळणारच. परंतु दंतमल मोजणाऱ्यास तो कळू न देणे शक्य आहे. त्याच व्यक्तींना काही आठवडे एक काडी, मध्ये विश्रांतीचा काळ, नंतर दुसरी, आणि शेजारी साधा ब्रश, अशी योजना करून सिलनेस आणि लोए यांच्या १९६४च्या मापनश्रेणीने दंतमल मोजावा. रस काढून टाकलेली काडी ताज्या काडीइतकीच स्वच्छता करीत असल्यास गुण तंतूंचा आहे, आणि मग पानांचे अर्क काढीत बसण्याचे प्रयोजन राहत नाही. ती उणी पडल्यास रसातील कोणते द्रव्य, किती वेळ, कोणत्या थरात काम करते हे शोधावे लागेल; आणि त्यासाठी प्रबंधकारास बशीकडे परत जावे लागेल, मात्र या वेळी जैवपटल, लाळ आणि मोजकी मात्रा बरोबर घेऊन.